पूवलच्चेरीचे एकेचाळीस

९ जानेवारी २००६, सोमवार

बँकेने फुकट दिलेली डायरी कोरी ठेवायची नाही, असं यामिनीने बंगळूरहून फोनवर बजावलं आहे. "बाबा, रोज दोन ओळी लिहा. मन मोकळं होतं." माझं मन गेले चार महिने पुरेसं मोकळं आहे, त्यात हाक मारली तर घुमते. पण मुलीचं ऐकावं म्हणून लिहितो.

आज नोकरीचा पहिला दिवस. एकसष्टाव्या वर्षी! पेरंबूरच्या रेल्वे कारखान्यात हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली आणि एकदाही चुकीबद्दल मेमो घेतला नाही, हे मी रघुरामला मुलाखतीत सांगितलं. रघुराम म्हणजे मालक. वय बत्तीस, दोन मोबाईल, आणि एकावर बोलताना दुसऱ्याकडे बघायची सवय. ऑफिस अंबत्तूर इस्टेटमध्ये, पितळी नळांच्या कारखान्याच्या माडीवर आहे. विल्लीवाक्कमहून गाडीने तिसरं स्टेशन.

काम असं. नोव्हेंबरच्या पुरात कावेरीकाठचं भात बुडालं. त्याचं सरकारी पीक अनुदान वाटायचं आहे. गावोगावच्या तलाठ्यांनी (इथे व्ही.ए.ओ. म्हणतात) हाताने लिहिलेल्या तमिळ याद्या गठ्ठ्याने आल्या आहेत. मुली त्या कॉम्प्युटरवर चढवतात. मी मूळ यादीशी नाव ताडून बघायचं आणि पुढे आकडा टाकायचा. १ म्हणजे पैसे द्या. ९ म्हणजे माणूस मयत, पैसे थांबवा, वारस कागद आणतील तेव्हा बघू. मयत आहे हे कसं कळणार, विचारलं. रघुराम म्हणाला, "नावाच्या मागेपुढे लिहिलेलं असतं सार, बघून घ्या."

तमिळ अक्षरं मला माझ्या बायकोने, विद्युलतेने शिकवली, टी. नगरला जाताना बसच्या पाट्यांवरून. ती दोन वर्षांत शेजारणींशी तमिळमध्ये भांडायला लागली होती. मी तीस वर्षांनंतरही पाटी वाचेपर्यंत बस निघून जायची. शरीराचे अवयव तिने पहिल्यांदा पाठ करून घेतले. कण म्हणजे डोळा, काल म्हणजे पाय, कै म्हणजे हात. पाठ म्हणून दाखवलं की म्हणायची, "झाले अर्ध्या हळकुंडाने पिवळे!"

१३ जानेवारी, शुक्रवार

उद्या पोंगल. सकाळी रेशनच्या दुकानात रांग होती. नवा माणूस कार्ड तपासत होता. बोगस नावं कापायची मोहीम आहे म्हणे. "दोन नावं आहेत. अम्मा कुठे?" मी म्हटलं, "ऊरुक्कु पोयिरुक्कांग." गावाला गेली आहे. त्याने दोन माणसांची साखर मोजली.

अगदीच खोटं काही बोललो नाही.

२४ जानेवारी, मंगळवार

आज पूवलच्चेरी नावाच्या गावाची यादी हातात आली. एकशे त्रेसष्ट नावं. अक्षर असं सुंदर की आमच्या खात्यातल्या जुन्या रजिस्टरांची आठवण झाली. पण वाचता वाचता पेन खाली ठेवलं. दर तीन-चार नावांआड एक कै.! कै. मुरुगेसन, कै. नल्लम्माळ, कै. राजेंद्रन. इतर गावांत मयताची नोंद शेऱ्याच्या रकान्यात कुठेतरी गिचमीड करून असते. हा तलाठी मात्र नावाआधीच स्वच्छ लिहितो, आपल्याकडे लिहितात तसं. आधी नवल वाटलं, मग उलगडा झाला. तंजावूर मुलूख. मराठ्यांचं राज्य होतं तिथे, दप्तर मोडीत चालायचं. राज्य गेलं तरी दप्तराचं वळण राहतंच. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आणि तमिळ लिपीत असलं तरी ते अक्षर मी गेल्या चार महिन्यांत इतक्या सांत्वनपत्रांवर पाहिलं आहे की ओळखायला वेळ लागला नाही.

मोजले, एकेचाळीस निघाले. एका गावात एकेचाळीस!

जेवणाच्या सुट्टीत सरोजाबाईंकडे विषय काढला. त्या पलीकडच्या खोलीत पत्रव्यवहार बघतात, मूळच्या तंजावूरकडच्या मराठी. दोनशे-अडीचशे वर्षं तमिळ मुलखात मुरलेली मराठी त्यांची. बोलतात आपली भाषा, पण देवनागरी वाचता येत नाही. मला अण्णा म्हणतात.

"पूवलच्चेरी माहीत आहे का हो?"

"माहीत नाहीं कसं? माझं आजोळ तेथून दोन कोस. लहानपणीं फार जात होतों आम्ही."

"तिथे कै. फार आहेत."

त्या हसल्या. "आमा, हो, फार! घरोघर एक तरी कै असणारच."

"एवढे?"

"गावचा स्वामी कैलासनाथ ना, अण्णा. सगळीं त्याचींच लेकरं." आणि डब्यातला दहीभात पुढे केला.

मी दहीभात घेतला. किती सहज घेतात ही माणसं मरण! कैलासनाथाची लेकरं, त्याने बोलावली, गेली. मला हे जमत नाही.

दुपारी एकेचाळीस नावांपुढे नऊ टाकला. मयताची तारीख घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही आणि यादीत तारीख नाही. रघुरामला विचारलं. तो मोबाईलवर होता. "आजची टाका सार," म्हणाला. आजची टाकली. एकही नाव दुसऱ्या ओळीत सरकू दिलं नाही. कै. नल्लम्माळ हिची जमीन जेमतेम पाऊण एकर. म्हातारी असेल, पाण्यातून निघता आलं नसेल.

६ फेब्रुवारी, सोमवार

विद्युलतेची पुस्तकं मराठी मंडळाच्या वाचनालयाला दिली. तीन पिशव्या. मंडळाच्या चिटणीसांनी छापील पावती दिली आणि म्हणाले, "स्मरणार्थ अशी ओळ आहे बघा, तिथे नाव तुमच्या हाताने भरून द्या. पुस्तकांवर चिकटवू." घरी आणली. आता जेवणाच्या टेबलावर मीठदाणीखाली आहे. यामिनी फोनवर म्हणाली, "बाबा, कै. सौ. लिहायचं असतं, विसरू नका." विसरीन कसा. बघू, सवडीने भरीन.

३ मार्च, शुक्रवार

पहिल्या चाळीस गावांचं काम पुरं झालं. आमच्या याद्या वरच्या ऑफिसने पास केल्या. रघुरामने सर्वांना म्हैसूरपाक वाटला आणि पोरींसमोर म्हणाला, "वसंतराव सारच्या यादीत एक चूक सापडली नाही." मी म्हटलं, चौतीस वर्षांची सवय आहे.

घरी येऊन हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१८ एप्रिल, मंगळवार

लिहायलाच हवं, म्हणून लिहितो.

अकराच्या सुमारास जिन्यात गलका झाला. पाच माणसं वर आली. तीन पुरुष, एक चाळिशीची बाई आणि एक म्हातारी. एग्मोर स्टेशनला उतरून विचारत विचारत आली होती. चाळिशीची बाई पुढे झाली. विजयालक्ष्मी नाव, शाळा शिकलेली, बोलायला खणखणीत. तिच्या तमिळचा अर्थ असा, "पूवलच्चेरीची यादी इथे झाली ना? माझी सासू मेली असं कोणी लिहिलं?"

मी उठलो. मला जरा रागच आला होता. म्हटलं, "आम्ही मनाने काही लिहीत नाही. तुमच्या व्ही.ए.ओ.नेच लिहिलंय." गठ्ठा काढला, पान उघडलं, बोट ठेवलं. "हे काय? कै. नल्लम्माळ."

"हो, कै. नल्लम्माळ. ही काय उभी आहे."

"मग आधी कै. कशाला लिहिलं?"

तिने माझ्याकडे, मी वेडा आहे की काय, असं पाहिलं. "कैलासम. तिच्या अप्पाचं नाव. ते इनिशियल आहे, सार."

मागचा एक पुरुष म्हणाला, "माझ्याही अप्पाचं कैलासम." दुसरा म्हणाला, "माझ्याही. वेगळा कैलासम." गावचा देव कैलासनाथ. घरोघर एक कैलासम. त्यांची सगळी मुलं कै.

सरोजाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीं सांगितलों होतों ना अण्णा, घरोघर एक तरी कै." त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. मला एकट्यालाच कळलं होतं. मी खुर्चीवर बसलो.

इतका वेळ म्हातारी मागे उभी होती. सत्तरीची, काळीसावळी, कानांच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबलेल्या. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली आणि हात पुढे केला. "तोट्टु पारु." हात लावून बघ. मी बघतच राहिलो, तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "इदु एन कै." हा माझा हात. मळणीचा, निंदणीचा, भेगाळलेला हात. चांगला गरम होता. तिला हसू आलं, बाकीचेही हसले. मी मात्र रडलो, सगळ्या ऑफिसासमोर.

पैसे थांबले ते थांबलेच, पण विजयालक्ष्मीने दुसरंही सांगितलं. गावच्या सोसायटीने आमचीच यादी बघून रेशनकार्डांवरची मयत नावं कापली. बाकी चाळिसांच्या घरात इतर नावं तरी होती. नल्लम्माळचं कार्ड वेगळं, तिच्या एकटीचं. सुनेवर भार नको म्हणून तिनेच वेगळं काढलेलं. मार्चपासून तिला तांदूळ नाही. सुनेच्या ताटातलं खायला बसली की म्हणते, मेलेल्याला कितीसं लागतं.

१९ एप्रिल, बुधवार

रघुरामला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. म्हणाला, "सॉफ्टवेअरची चूक म्हणून लिहू सार. तुमचं नाव कशाला?" मी म्हटलं, माझंच लिहा. तो म्हणाला, तुमचं नाव आलं तर कंत्राट जाईल आणि सात पोरींची नोकरी जाईल. पत्रात सॉफ्टवेअरची चूक असंच गेलं. आयुष्यातली पहिली मोठी चूक, आणि ती माझ्या नावावर चढलीच नाही.

सरोजाबाईंना 'कै.'चा अर्थ फोड करून सांगितला. कैलासवासी, त्याचं आखूड. त्या म्हणाल्या, "आम्हाला नाहीं माहीत, अण्णा. आमची मराठी कागदावर नाहीं, तोंडींच. तुम्ही त्या दिवशीं विचारलांत आणि मी हसलीं." डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, तुमचा काय दोष? तुम्हाला मराठी वाचता येत नाही, मला तमिळ. दोघांनी मिळून गाव बुडवलं.

दुरुस्तीसाठी प्रत्येक नावाचा वेगळा फॉर्म, त्यावर सही किंवा अंगठा, त्यावर व्ही.ए.ओ.चा शिक्का. आणि निवडणूक लागली आहे. मतमोजणी होईपर्यंत वर कोणी कागदाला हात लावणार नाही.

१६ मे, मंगळवार

निवडणूक झाली. नवं सरकार, जुने कारकून. फॉर्म मागितले आहेत. टपालाने पाठवले तर महिना जाईल. मी स्वतःच जातो म्हटलं. पास आहेच रेल्वेचा.

२७ मे, शनिवार

पूवलच्चेरीहून काल परतलो. दोन दिवसांत एकेचाळीसही जणांच्या घरी गेलो, एकूण एक जिवंत. एकाने मला बघून बायकोला हाक मारली, "अगं ये, मला मारणारा आलाय, कॉफी कर!" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नल्लम्माळचं घर गावाच्या कडेला, कालव्याजवळ. तिचा नवरा तरुणपणी सोडून गेला, तेव्हा ती बापाच्या जमिनीवर परत आली. लग्नानंतर बायकांच्या नावामागे नवऱ्याचं अक्षर लागतं. हिने ते काढून टाकलं आणि बापाचं पुन्हा लावलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या खेड्यात ही गोष्ट सोपी नसणार. विजयालक्ष्मी हे सांगत होती आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. जे अक्षर तिने हट्टाने परत आणलं त्याच अक्षराने मी तिला मारली.

एप्रिलच्या मानाने अर्धी झाली आहे. सोसायटीवाला म्हणतो, वरून नाव आल्याशिवाय एक दाणा देता येत नाही. मी बरोबर नेलेले पैसे पुढे केले तर तिने घेतले नाहीत. "कुणी मेल्यावर देतात, तसं देतोस का?" मग ते विजयालक्ष्मीच्या हातात कोंबले, तांदळासाठी म्हणून. तिने घेतले, पण सासूला सांगू नका म्हणाली.

म्हातारीने मातीच्या गाडग्यातलं ताक दिलं. "पी. मेलेलीच्या हातचं आहे." स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसली. मग शेत दाखवलं. पाऊण एकर, पुराची वाळू अजून साठलेली. पैसे आले की वाळू काढून घेणार, जूनमध्ये धरणाचं पाणी सुटलं की पेरणार. यंदा पेरलं नाही तर शेजारचा मागतोय त्याला जमीन द्यावी लागेल. बापाची जमीन दुसऱ्याच्या हातात बघण्याआधी खरंच मरेन, म्हणाली.

निघताना तिने विचारलं, "घरी कोण आहे?"

"बायको आहे. गावाला गेली आहे."

"किती दिवस झाले?"

"सप्टेंबरपासून."

तिने मान हलवली. माझ्या पिशवीत चार वांगी टाकली आणि म्हणाली, "भाजी स्वतः करायला शीक."

काल सगळे फॉर्म पुन्हा एकदा तपासले. नल्लम्माळच्या फॉर्मवर मी मुद्दाम बापाचं पूर्ण नाव लिहिलं. कैलासम नल्लम्माळ. माझ्यासारखा आणखी कोणी शहाणा वर बसलेला असला तर त्याने पुन्हा घोटाळा करू नये.

१२ जून, सोमवार

मेट्टूर धरणाचं पाणी सोडल्याचं पेपरात आहे. चाळीस नावं पास झाली, आनंद आहे.

एक फॉर्म परत आला. नल्लम्माळचा. शेरा, "नाव मूळ यादीशी जुळत नाही." मूळ यादीत कै. आहे, माझ्या फॉर्मवर कैलासम.

म्हणजे पहिल्यांदा न समजून मारली आणि दुसऱ्यांदा काळजीपोटी. चाळिसांच्या फॉर्मवर यांत्रिकपणे ते एकच अक्षर ओढलं, ते सुटले. जिच्यासाठी जीव तोडून लिहिलं ती अडकली. नवा फॉर्म सरोजाबाईंनी स्वतःच्या हाताने भरला, मला भरू दिला नाही. तिचा अंगठा आणि व्ही.ए.ओ.चा शिक्का घेण्यासाठी कुरियरने गेला आहे.

सोसायटीवाल्याला फोन केला, निदान तांदूळ तरी द्या. म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये ती मेलेली आहे सार, मी काय करू?"

२२ जून, गुरुवार

फॉर्म वर गेला. चाळिसांचे पैसे जमा झाले. मुरुगेसनने एस.टी.डी. बूथवरून मुद्दाम फोन केला, वाफे टाकले म्हणाला. नल्लम्माळचं विचारलं. "ताप आहे. बांधावर येऊन बसते, आमची पेरणी बघते."

१ जुलै, शनिवार

सकाळी साडेदहाला नल्लम्माळचं नाव पास होऊन आलं. आता मी इथूनच नऊचा एक करायचा, एवढंच उरलं. पाटी-पेन्सिल मिळालेल्या पोरासारखा मी खुर्ची ओढून बसलो. तेवढ्यात फोन. विजयालक्ष्मी.

नल्लम्माळ बुधवारी गेली. अठ्ठावीस तारखेला, दुपारी.

मी काहीतरी विचारत राहिलो, जेवत होती का, डॉक्टर आला होता का. तिने सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी मीच म्हटलं, "अम्मा, माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "ताप होता, सार." आणि थोडं थांबून, "पण पोटात अन्न असतं तर ताप निघाला असता." बरं झालं बोलली. हे मला कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

रघुरामने ऐकलं. हळू आवाजात म्हणाला, "मग राहू द्या सार. नऊ आहेच." वाईट हेतूने नाही बोलला.

पण राहू देऊन चालणार नव्हतं. सरोजाबाईंनी नियम काढून दाखवला. कॉम्प्युटरमध्ये नल्लम्माळच्या मरणाची तारीख चोवीस जानेवारी आहे, मी टाकलेली. दाखल्यावर येईल अठ्ठावीस जून. दोन तारखा जुळल्या नाहीत तर सुनेला छदाम मिळणार नाही, जमीनही नावावर चढणार नाही. म्हणजे आधी तिला जिवंत करायचं, आणि मग पुन्हा मारायचं, खऱ्या तारखेला. आणि एका नावाचा आकडा दिवसातून एकदाच बदलता येतो.

नऊ पुसला. एक टाकला. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आलं, कै. नल्लम्माळ, पूवलच्चेरी, पाऊण एकर, १.

पाच महिने ती जिवंत होती तेव्हा मेलेली होती. सरोजाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पडद्याला हात लावून नमस्कार केला.

२ जुलै, रविवार

ऑफिसला सुट्टी. म्हणजे आज दिवसभर ती जिवंत आहे.

वांग्याची भाजी केली. तिखट झाली. विद्युलता गूळ घालायची, किती ते कधी विचारलं नाही. डब्यात रेशनची साखर आहे, भरपूर. एकटा माणूस किती खाणार? मुंग्या लागल्या आहेत.

सोसायटीवाला उद्या दुकान उघडेल, तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवरही नल्लम्माळचा तांदूळ दिसेल. तिचं नाव पुन्हा कापायची घाई करू नका, असं त्याला सांगावंसं वाटतं. पण आता सांगून काय?

संध्याकाळी देवापुढे बसून मी मोठ्याने म्हटलं, मला क्षमा कर. कोणाला म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही.

३ जुलै, सोमवार

गाडीच्या आधी रेशनच्या दुकानात गेलो. कार्ड पुढे केलं. तोच माणूस. "अम्मा ऊरहून आल्या?" मी म्हटलं, "येणार नाहीत. गेल्या सप्टेंबरच्या अकरा तारखेला वारल्या. नाव काढा." तो ओरडेल असं वाटलं होतं. दहा महिन्यांची साखर खोट्या नावावर नेली आहे मी. त्याने माझ्याकडे पाहिलं, दाखल्याची झेरॉक्स घेतली आणि पट्टी ठेवून रेघ मारली. सरळ रेघ, अक्षर खालून वाचता येतं.

ऑफिसात नल्लम्माळपुढे नऊ टाकला. तारीख २८ जून २००६. दोनदा तपासली. सरोजाबाईंनीही तपासली. मग विजयालक्ष्मीला फोन केला की आता कागद पाठव, अडणार नाही.

रघुरामला राजीनामा दिला. त्याने घेतला नाही. म्हणाला, पुढच्या याद्या सरोजाबाई वाचतील, तुम्ही फक्त शेजारी बसा. बसेन.

घरी आलो. मीठदाणी बाजूला केली. पावती पिवळी पडली आहे, एका कोपऱ्यावर लोणच्याचा डाग. स्मरणार्थ या ओळीवर पेन टेकवलं आणि पहिलं अक्षर काढलं. कै. मग सौ. मग विद्युलता वसंत बर्गे. शाई वाळेपर्यंत पहिल्याच अक्षराकडे बघत बसलो. कै म्हणजे हात, हे मला तिनेच शिकवलं होतं.